अवलंबून कोण? : आयकराच्या एका कलमाचे वाचन

(नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटचा प्रश्नोत्तरांचा भाग जवळजवळ तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "कलम ८० डीडी." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "सर, तुम्ही न्यायाच्या संकल्पनेवर बोलणार होतात ना?" मी म्हटलं, त्याच्यावरच बोलतोय. आयुष्यभर वर्गात अॅरिस्टॉटल, कांट, रॉल्स शिकवले. आता निवृत्तीनंतर कळतंय की न्यायाची व्याख्या सगळ्यात ठामपणे कुठे लिहिलेली असेल, तर ती आयकर कायद्यात. कारण तिथे व्याख्या चुकली तर लगेच रुपये कमीजास्त होतात. आणि आपण तर नागपूरकर. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. देशभरातले आयकर अधिकारी तिथे घडतात. आपण सकाळी फिरायला जाताना ती भिंत बघतो आणि पुढे जातो. आज जरा भिंतीच्या आत डोकावू.

मी सीए नाही, वकीलही नाही. तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेला एक म्हातारा मास्तर आहे. म्हणून मी या कलमाकडे एक मजकूर म्हणून बघणार. कवितेची समीक्षा होते, तशी कलमाचीही होऊ शकते. कोणता शब्द वापरलाय, कोणता गाळलाय, कोण बोलतोय, कोणाविषयी बोलतोय.

आधी एक गोष्ट उघड करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. माझा या प्रकरणात हितसंबंध आहे. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. आज तो सहासष्ट वर्षांचा आहे. घरात त्याला सगळे अजूनही 'बाळ' म्हणतात, माझी सूनसुद्धा 'बाळकाका' म्हणते. आईवडील गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. की मी त्याच्याकडे असतो? त्यावर पुढे येतो.

आता कलम. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८० डीडी. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात सगळ्या कलमांचे नंबर बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनाच नंबर आहे, मीही तोच वापरतो. कलम म्हणतं : तुमच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या उपचारावर, प्रशिक्षणावर, सांभाळावर तुम्ही खर्च केलात, किंवा त्याच्यासाठी एलआयसीच्या वगैरे ठरावीक योजनेत पैसे भरलेत, तर तुमच्या उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम वजा होईल. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये. ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्षात दहा हजार खर्च झाला की चार लाख, याच्याशी संबंध नाही. रक्कम ठरलेली.

मला या कलमातली ही गोष्ट फार आवडते, आणि टीका करण्याआधी ती सांगायला हवी. सरकार इथे बिलं मागत नाही. बाळला आंघोळ घालायला किती खर्च आला, रात्री दोनदा उठावं लागलं त्याचं काय, अशी पावती कोण देणार? कायद्याने हे ओळखलं आणि एक ढोबळ आकडा धरला. २००३ मध्ये तो ५०,००० होता, तीव्र दिव्यांगत्वाला ७५,०००. २००९ मध्ये तीव्रचा एक लाख झाला. २०१५ मध्ये आजचे आकडे आले. त्यानंतर तिथेच. २०१५ मध्ये दिवसभराची मदतनीस बाई किती पगार घ्यायची आणि आज किती घेते, हे या सभागृहातल्या बायकांना विचारा, मला नको.

आता पहिला शब्द. वर्तमानपत्रं लिहितात, 'दिव्यांगांच्या पालकांना करसवलत'. कायदा म्हणतो 'वजावट'. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

सवलत म्हणजे काय? माझं देणं लागतं शंभर, तुम्ही दया दाखवून ऐंशी घेता. देणारा मोठा, घेणारा उपकृत. वजावट ही वेगळी चीज आहे. दुकानदार नफा मोजताना भाडं, वीजबिल, नोकराचा पगार वजा करतो. त्याला कोणी 'सवलत दिली' म्हणत नाही. कारण ते पैसे त्याचे नव्हतेच, हातातून नुसते गेले. अॅडम स्मिथने १७७६ साली कराचं पहिलं तत्त्व सांगितलं ते हेच, की प्रत्येकाने आपल्या क्षमतेच्या प्रमाणात द्यावं. आता क्षमता म्हणजे नुसतं उत्पन्न का? अमर्त्य सेन यांनी २००९ च्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या पुस्तकात एक फरक सांगितला आहे. दिव्यांग माणसाला दोन अडचणी असतात. एक, त्याला कमावणं कठीण जातं. ही सगळ्यांना दिसते. दुसरी, कमावलेल्या पैशाचं जगण्यात रूपांतर करणं त्याला जास्त महाग पडतं. तेवढ्याच पैशात त्याला कमी जगणं मिळतं. ही दुसरी अडचण आपल्याला दिसत नाही, आणि ती फक्त त्याची राहत नाही, घराची होते. दोन घरांत महिन्याला साठ हजारच येतात. एका घरात त्यातले पंधरा हजार सांभाळात जातात. ही दोन घरं सारखी आहेत असं म्हणणं हा साधा मोजण्याचा दोष आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचं व्याख्यान त्याचाच विस्तार समजा : ८० डीडी हे मूळ कल्पनेत उपकाराचं कलम नाही, बरोबर मोजण्याचं कलम आहे. पण लिहिताना आणि विशेषतः मोडताना त्याला उपकार समजलं गेलं.

आता हे बरोबर मोजतं का, ते बघू. थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, मीही कच्चाच आहे.

जुन्या पद्धतीत ७५,००० ची वजावट मिळाली. ज्याचा कराचा दर वीस टक्के, त्याचे वाचले १५,०००, वर चार टक्के उपकर धरून १५,६००. म्हणजे महिन्याला १,३०० रुपये. ज्याचा दर तीस टक्के, त्याचे वाचले २३,४००. दिव्यांगत्व तेच, टक्केवारी तीच. एका घराला १,३०० रुपये महिना आणि दुसऱ्याला १,९५०. आणि ज्याचं जास्त वाचलं तो मुळातच जास्त कमावणारा! करशास्त्राच्या दृष्टीने याचं समर्थन करता येतं, कारण वजावट म्हणजे उत्पन्न नव्हे असं धरलं की हे ओघानेच येतं. ते मी नाकारत नाही. पण सांभाळाचा भार वाटून घ्यायचा हा हेतू असेल, तर हा वाटा उलटा पडतो.

यावर एक तोडगा जगात आहे. त्याला टॅक्स क्रेडिट म्हणतात. वजावट उत्पन्नातून जाते, क्रेडिट थेट करातून जातं, त्यामुळे सगळ्यांना सारखी रक्कम मिळते. कॅनडात दिव्यांगांसाठी असं क्रेडिट आहे. दिव्यांग व्यक्तीला स्वतःला कर नसेल, तर तिला सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या नावावर ते वळवता येतं. पण तिथेही ज्या घराला करच नाही त्याच्या हाती काहीच येत नाही. ही त्रुटी होतीच. शेवटी २०२५ च्या जुलैपासून त्यांनी दिव्यांग व्यक्तीला थेट मासिक रक्कम सुरू केली, जास्तीत जास्त दोनशे डॉलर. ती कमी आहे अशी टीका तिथेही आहे. तरी विचाराची दिशा बघा : वजावट, मग क्रेडिट, मग थेट हातात पैसा.

आपल्याकडे वजावट आणि थेट पैसा, दोन्ही आहेत, पण मध्ये मोठं भगदाड आहे. आमच्या भागात एक ऑटोवाला आहे. चोवीस वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी. त्याला मी मोठ्या उत्साहाने या कलमाबद्दल सांगायला गेलो. तो हसला. म्हणाला, "सर, आपल्याले टॅक्सच नाही तं सूट कायची भेटन?" पुढे माझ्याजवळ शब्द नव्हता. त्याचं वर्षाचं उत्पन्न अडीच-तीन लाख धरा. करापासून तो दूर. मग संजय गांधी निराधार योजना? तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काही. चालत्या ऑटोचा मालक त्या दाखल्यात प्रामाणिकपणे बसूच शकत नाही. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, चांगली गोष्ट. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा आकडा मात्र २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर बसलेला आहे.

म्हणजे पन्नास हजारांच्या खालच्याला सरकार निराधार म्हणून ओळखतं. भरपूर कमावणाऱ्याला करदाता म्हणून ओळखतं. मधला? ऑटोवाला, शिवणकाम करणारी, शिकवणीवाला, पाच एकर कोरडवाहूवाला, खाजगी दुकानातला सेल्समन. विदर्भातली बहुतेक घरं या मधल्या पट्ट्यातच येतात. त्यांच्या घरातला मोठा झालेला दिव्यांग मुलगा किंवा मुलगी दोन्ही हिशेबांत कुठेच नाही. राज्याचा व्यवसाय कर बौद्धिक दिव्यांगाच्या पालकांना माफ आहे, वर्षाचे अडीच हजार, पण तोही मुख्यतः पगारदाराच्याच कामाचा. एवढं सांगून पुढे जातो.

आता सगळ्यात ताजी गोष्ट. २०२० मध्ये नवी करप्रणाली आली, आधी ऐच्छिक. २०२३-२४ पासून तीच मूळ झाली; जुनी हवी असेल तर तुम्ही मागायची. नव्या प्रणालीत दर कमी, वजावटी गेल्या. 'सोपं केलं' म्हणतात. त्या गेलेल्यांत घरकर्जाचं व्याज होतं, विम्याचे हप्ते होते, बचत होती. आणि त्याच टोपलीत ८० डीडीही गेलं. इतकंच काय, दिव्यांग व्यक्ती स्वतः कमावत असेल तर तिला मिळणारी ८० यू ची वजावटही गेली.

इथे माझा तात्त्विक आक्षेप आहे. विम्याचा हप्ता हे प्रोत्साहन होतं. सरकारला वाटत होतं तुम्ही बचत करावी, म्हणून गाजर दाखवलं. आता वाटत नाही, गाजर काढलं. ठीक. पण दिव्यांग भाऊ हे प्रोत्साहन नव्हे! कोणी वजावटीसाठी दिव्यांग भाऊ घेत नाही. (हशा) तुम्ही हसलात, पण कायद्याने दोन्ही एकाच खणात टाकलेत. तर्कशास्त्रात याला कोटिदोष म्हणतात. ज्या गोष्टी एका वर्गातल्या नाहीत त्या एका वर्गात मोजणं.

गंमत पुढे आहे. नव्या प्रणालीत पगारदाराला आणि पेन्शनरला प्रमाणित वजावट मिळते. ती किती? ७५,०००. आकडा ओळखीचा वाटला? मी पेन्शनर आहे म्हणून मला ७५,००० मिळतात. त्यासाठी मी काय केलं? जिवंत राहिलो. आणि बाळसाठीचे ७५,००० गेले. दुसरं, नव्या प्रणालीतही दिव्यांग कर्मचाऱ्याच्या घर ते ऑफिस प्रवासभत्त्याला सूट आहे. म्हणजे दिव्यांगत्वाचा खर्च होतो हे सरकारला मान्य आहे, फक्त तो ऑफिसला जाताना होतो. घरी बसलेल्याला होत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझा सीए म्हणाला, "सर, नवीनच घ्या, तुमचा कर शून्य येतोय." आणि खरंच शून्य आला. बारा लाखांपर्यंत रिबेट आहे. मी जुन्या पद्धतीत भरत होतो त्यापेक्षा माझे पैसे वाचले. मग तक्रार कसली, म्हातारबुवा?

तक्रार अशी. मिहानमध्ये काम करणारे दोन इंजिनिअर घ्या. दोघांचा पगार वर्षाला अठरा लाख. एक सडाफटिंग. दुसऱ्याकडे नव्वद टक्के दिव्यांग बहीण, चोवीस तास माणूस लागतो. नव्या प्रणालीत दोघांचाही कर उपकरासह १,५०,८००. पैसुद्धा इकडचा तिकडे नाही. दुसऱ्याने जुनी प्रणाली घेतली, बहिणीचे सव्वा लाख आणि बचतीचे दीड लाख वजा केले, तरी त्याला लाखाहून जास्तच भरावे लागतात. म्हणून तो शहाणपणाने नवी घेतो आणि बहीण त्याच्या विवरणपत्रातून नाहीशी होते. दोघांचाही कर कमी झाला हे खरं. पण दोघांमधला फरक पुसला गेला हेही खरं. अॅरिस्टॉटलपासून आपण शिकवत आलो की समानांना समान वागवा आणि असमानांना त्यांच्या असमानतेच्या प्रमाणात. सगळ्यांना स्वस्त पडतंय म्हणून दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर काट मारायची? दर कमी ठेवून एवढी एक वजावट ठेवता आली असती. विवरणपत्रात एक रकाना वाढला असता.

आता मुख्य शब्दाकडे येतो. 'अवलंबून'.

कलम म्हणतं, ती व्यक्ती सांभाळासाठी तुमच्यावर 'पूर्णपणे किंवा मुख्यत्वे' अवलंबून हवी. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मला कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. कोणतं ते सांगत नाही, माणूस सभ्य होता. त्याने बाळचं प्रमाणपत्र बघितलं, मग विचारलं, "यांच्या नावावर काही आहे का?" मी म्हटलं, आहे. महालात आमचं वडिलोपार्जित घर आहे, त्यात त्याचा अर्धा हिस्सा. साहेब थांबले. "मग हे अवलंबून कसे?"

मला राग यायला हवा होता, पण तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला प्रश्न आवडला. मी त्याच्या घरात राहतो, भाडं देत नाही. आमची आई शेवटची दीड वर्षं अंथरुणावर होती. मी कॉलेजात, बायको शाळेत. आईजवळ दिवसभर कोण बसलं? बाळ. तिला पाणी हवं की तो उठायचा, तिला झोप लागली की पंखा कमी करायचा. दूध तो आणतो, कपड्यांच्या घड्या तो घालतो, आणि माझ्यापेक्षा नीट घालतो. पैशाचा हिशेब केला तर तो माझ्यावर अवलंबून आहे, यात वाद नाही. पण कायद्याला अवलंबणं एकाच दिशेने वाहतं असं वाटतं. एक देणारा, एक घेणारा. म्हणून तर ८० यू आणि ८० डीडी यांपैकी एकच चालतं. दिव्यांग व्यक्तीने स्वतःच्या नावावर वजावट घेतली की तिच्या घराला मिळणार नाही. व्यवहारात दुहेरी लाभ टाळण्यासाठी हे ठीक आहे. पण त्यामागची कल्पना बघा, एक तर तू स्वतंत्र करदाता, नाही तर दुसऱ्याच्या विवरणपत्रातली ओळ. आठ हजार कमावणारा आणि तरीही आधार लागणारा, असा माणूस त्यात मावत नाही. अशी माणसं मात्र गावोगाव आहेत.

त्या दिवशी शेवटी काय झालं विचाराल, तर वजावट मान्य झाली. साहेबांनी चहाही दिला.

आणि नातेवाईक कोण? नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ, बहिणी. संपली यादी. आता माझं वय चौऱ्याहत्तर. माझ्यानंतर बाळला कोण बघणार? माझा मुलगा आणि सून. ते दोघंही न बोलता तयार आहेत, हे माझं भाग्य. पण कायद्याच्या दृष्टीने काका हा अवलंबून असूच शकत नाही. मी मेलो त्या दिवशी बाळचं दिव्यांगत्व तसंच राहील, खर्च तसाच राहील, फक्त त्याचं 'अवलंबून' असणं संपेल. मुलाने जुनी प्रणाली निवडली तरी. सुनेचंही बघा. ती कमावते आणि सासू दिव्यांग आहे, तर तिच्या यादीत सासू नाही. आपल्याकडे सासूचं कोण करतं हे त्या यादी करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं वाटत नाही.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, हिंदू अविभक्त कुटुंब आहे ना. बरोबर. एचयूएफला तिच्या कोणत्याही सदस्यासाठी ही वजावट मिळते, काका-पुतण्या सगळे आले. पण ती एचयूएफच्या उत्पन्नातून, मुलाच्या पगारातून नव्हे. म्हणजे घराण्याची इस्टेट असलेल्यांना. आणि मोमिनपुऱ्यातल्या मुस्लीम कुटुंबाचं काय? सदरमधल्या ख्रिस्ती कुटुंबाचं? त्यांच्याकडे काका नसतात का? एकत्र राहणं, वाटून सांभाळणं ही या शहरातली सगळ्या धर्मांची रीत आहे. कायद्याला ती एकाच धर्माच्या संपत्तीच्या चौकटीत दिसली. काळजी कोण घेतं हे बघायचं सोडून नातं कोणतं हे बघितलं, की असं होतं.

वेळ होत आलाय. एक निकाल सांगतो आणि थांबतो.

रवि अग्रवाल विरुद्ध भारत सरकार. सर्वोच्च न्यायालय, ३ जानेवारी २०१९, न्यायमूर्ती सिक्री यांचं खंडपीठ. प्रश्न असा होता. ८० डीडी खाली तुम्ही एलआयसीच्या 'जीवन आधार'सारख्या योजनेत पैसे भरता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते पैसे दिव्यांग मुलाला मिळणार केव्हा? पालकाच्या मृत्यूनंतर. पालक जिवंत असेतोवर नाही. याचिकाकर्ते पालक होते. त्यांचं म्हणणं, मुलाला गरज आत्ता असेल तर मी मरायची वाट का बघायची?

न्यायालयाने याचिका मान्य केली नाही. तर्क असा की पालक आहे तोवर तो सांभाळतोच, योजना त्याच्या पश्चातल्या काळासाठी आहे, हा हेतू अवाजवी नाही. मात्र काही कुटुंबांवर हे कठोर ठरू शकतं हे मान्य करून सरकारने फेरविचार करावा असंही सांगितलं. या निकालाच्या दुसऱ्या भागाबद्दल मला आदर आहे. पहिल्या भागातला पालक मात्र मला ओळखीचा वाटत नाही. तो एकच अवस्था जगतो, जिवंत आणि सक्षम. त्याच्यानंतर थेट मृत. मध्ये निवृत्ती नाही, मोतीबिंदू नाही, गुडघे नाहीत. मुलगा चाळीस वर्षांचा, वजन सत्तर किलो, आणि त्याला उचलणारी आई पासष्टची. ती जिवंत आहे म्हणून सांभाळू शकते, असं?

२०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने दुरुस्ती केली, हे श्रेय द्यायला हवं. पालक साठ वर्षांचा झाला, हप्ते भरणं थांबलं, तर त्याच्या हयातीतच दिव्यांग व्यक्तीला पैसे सुरू होऊ शकतात. एका याचिकेने कायदा हलला. आणि पुढच्याच वर्षी नवी प्रणाली मूळ झाली, जिच्यात हे कलमच नाही. जिना दुरुस्त केला आणि मग दार दुसरीकडे काढलं.

त्याच कलमात अजून एक तरतूद आहे. दिव्यांग मुलगा पालकाच्या आधी गेला, तर योजनेतले परत आलेले पैसे पालकाचं त्या वर्षीचं उत्पन्न धरलं जातं. त्यावर कर. हिशेबाने बघाल तर चूक नाही, आधी वजावट घेतली होती ना. मी हे वाक्य पुष्कळदा वाचलं. ज्या वर्षी मुलगा गेला, त्या वर्षीच्या विवरणपत्रात बाप त्याला 'इतर उत्पन्न' म्हणून लिहितो. एवढं एक वाक्य जरी त्या छिंदवाडा रोडच्या भिंतीआड कोणी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं तरी पुरे.

 आता काही प्रश्न असतील तर.

(प्रश्न : एका श्रोत्या महिलेचा. 'माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, ऑटिझम आहे. तिच्यासाठी मी बँकेतली नोकरी सोडली. वजावट मिस्टरांना मिळायची. तुमच्या सगळ्या बोलण्यात मी कुठे आहे?')

ताई, तुम्ही माझ्या व्याख्यानातली चूक पकडलीत. मी कर भरणाऱ्याबद्दल बोललो, सांभाळणाऱ्याबद्दल बोललो नाही. अमेरिकेत ईवा किटे नावाच्या तत्त्वज्ञ आहेत, त्यांची मुलगी तीव्र दिव्यांग. त्यांनी १९९९ मध्ये 'लव्हज लेबर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा रॉल्सवर आक्षेप हाच की रॉल्स समाजातला प्रत्येक जण आयुष्यभर सहकार्य करू शकणारा, सक्षम असा धरतो. मग जो तसा नाही तो सुटतो, आणि त्याला सांभाळण्यात जिचं आयुष्य जातं तीही सुटते. तीस वर्षं मी रॉल्स शिकवला, घरी बाळ होता, बायको दोन्ही बघत होती. मला हे किटे वाचेपर्यंत सुचलं नाही. ही कबुली.

तुमचा सोडलेला पगार हा या देशात कुठल्याच रकान्यात येत नाही. पेन्शन नाही, पीएफ नाही, वजावट तर नाहीच. क्रेडिट आणायचं असेल तर ते कमावणाऱ्याच्या नावाने नको, सांभाळणाऱ्याच्या नावाने आणा आणि कर नसेल तर रोख द्या, असं मी आता म्हणेन. तासाभरापूर्वी एवढं स्पष्ट म्हटलं नसतं.

एक व्यवहाराचं सांगू? ऑटिझमसाठी वजावट घ्यायची तर ठरावीक फॉर्म लागतो, साधं प्रमाणपत्र पुरत नाही. मिस्टर जुन्या प्रणालीत असतील तर विवरणपत्राआधी तो भरा. आणि मुलगी अठराच्या वर आहे, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज केलाय का? नसेल तर कार्यक्रम संपल्यावर थांबा, काय काय कागद लागतात ते लिहून देतो. बाळच्या वेळचा माझा अनुभव आहे. अजून कोणाचा प्रश्न? मागे कोणीतरी हात वर केला होता.